गुंजवण्याचं कुत्रं वेल्ह्यात कसं पोचतं

दर सोमवारी सकाळी माझ्या फोनवर एक तरी फोटो येतोच. कुठल्यातरी गडाच्या पायथ्याला रस्त्याकडेला बसलेलं, जीभ बाहेर काढलेलं, पोटापर्यंत चिखल लागलेलं कुत्रं आणि खाली मेसेज, काल उतरताना हा आमच्या मागे आला, खूप गोड आहे, बहुतेक हरवलाय, कुणाचा असेल तर सांगा, प्लीज फॉरवर्ड करा. लोक मनापासून फॉरवर्ड करतात, हात जोडतात, रडके चेहरे टाकतात आणि बुधवारपर्यंत तो फोटो बाकीच्या मेसेजखाली कुठेतरी गडप होतो. मी बारा-तेरा वर्षं पुण्यातून सह्याद्रीत फिरतेय आणि आता मला हे स्पष्ट म्हणावंसं वाटतं की यातली बहुतेक कुत्री हरवलेली नसतात, आपणच त्यांना हरवून आलेलो असतो. आणि ते काम आपण इतक्या प्रेमाने करतो की आपल्या लक्षातही येत नाही.

आधी एक गोष्ट सांगते जी शहरातून गेलेल्या माणसाला पटकन कळत नाही, मलाही कळायला वेळ लागला. आपल्याकडे कोथरूडला किंवा सिंहगड रोडला गळ्यात पट्टा नसलेलं, एकटं फिरणारं कुत्रं म्हणजे भटकं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मावळात, तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याकडे तसं नसतं. तिथे कुत्रं मोकळंच असतं. त्याचं घर असतं, दारात उरलीसुरली भाकरी मिळते, रात्री ते शेळ्यांच्या गोठ्यापाशी झोपतं, कोंबड्यांवर मुंगूस आलं तर भुंकतं. पठारावरच्या धनगरवाड्यांची कुत्री तर चक्क नोकरीला असतात, मेंढरं राखणं हे त्यांचं काम आणि आपण लाल-पिवळे रेनकोट घालून वाड्यावरून गेलो की ती अंगावर येतात कारण ती त्यांची ड्युटी आहे. सोबत माणूस नाही म्हणून कुत्रं बेवारस ठरत नाही.

अशातलं एखादं कुत्रं रविवारी पहाटे आपल्या ग्रुपच्या मागे लागतं. ते पुढे पळतं, वाट फुटली की थांबून आपण येतोय का बघतं, टाक्यावर पाणी पितं, माथ्यावर आपल्या डब्याशेजारी बसतं आणि संध्याकाळी आपल्याबरोबर किंवा दुसऱ्या कुणाबरोबर खाली येतं. तिकोना, लोहगड अशा गडांवर, जिथे लोक चढतात त्याच बाजूने उतरतात, तिथे हे सगळं ठीक चालतं आणि मला त्याबद्दल काहीच तक्रार नाही, उलट अशा कुत्र्यांनी धुक्यात मला दोनदा बरोबर वाटेवर आणलंय.

घोळ होतो तो एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरणाऱ्या ट्रेकला. राजगड ते तोरणा, कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगड, लोणावळ्याहून राजमाचीला जाऊन खाली कोंडिवड्याला उतरणं. हे पुण्यातले सगळ्यात गर्दीचे ट्रेक आहेत, कात्रज-सिंहगडला तर पौर्णिमेच्या रात्री टॉर्चची रांग दिसते. आपल्याला दुसऱ्या टोकाला गाडी उभी असते. कुत्र्याला नसते. ते आपल्या मागे तेरा टेकड्या चढून उतरून सिंहगडाच्या घाटरस्त्यावर येतं आणि तिथे आपण पीएमटीत बसतो.

आता काळ्याबद्दल लिहिते, कारण तो डोक्यातून जात नाही.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही सोळा जण राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून पहाटे चारला गडाकडे निघालो. गावाबाहेर पडतानाच एक काळं, छातीवर पांढरा ठिपका असलेलं कुत्रं मागे आलं. कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला. चोर दरवाज्याच्या अवघड टप्प्यावर तो आमच्या आधी वर, पद्मावती माचीवर उजाडलं तेव्हा सगळ्यांच्या फोटोत तोच. कुणी त्याला शेरू म्हणालं, कुणी टायगर. संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यातून खाली उतरून आम्ही तोरण्याच्या धारेला लागलो, तोही आला. ग्रुपमधल्या एका दादाने त्याचा फोटो टाकून वर 'धर्मराजाचं कुत्रं' असं लिहिलं, आम्हा सगळ्यांना ते फार आवडलं होतं. मधे एका धनगराच्या घरापाशी तिथल्या तीन कुत्र्यांनी त्याला घेरलं, काठ्या आपटून आम्ही त्याला सोडवला, एक कान फाटला होता. तिथेच आम्हाला कळायला हवं होतं की हा आता आपल्या इलाक्याच्या बाहेर आलाय. पण दुपार होत आली होती, ऊन तापत होतं, पुढे चला पुढे चला चाललं होतं. तोरण्याच्या बुधला माचीच्या अलीकडे कातळाचा टप्पा आला, तो त्याला चढता येईना, खाली उभा राहून कुं कुं करायला लागला. दोन पोरांनी त्याला उचलून वर घेतलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

त्या टाळ्यांचा मी नंतर खूप विचार केलाय. ज्या क्षणी आपण कुत्र्याला शिडीवरून किंवा कातळावरून उचलून पलीकडे घेतो, त्या क्षणी त्याची परतीची वाट बंद होते. तो एकटा तो टप्पा उतरू शकत नाही. त्याच्या जिवावर उठणारी मदत आपण केलेली असते आणि व्हिडिओला मात्र हजार लाइक येतात.

वेल्ह्यात उतरलो तेव्हा अंधार पडला होता. टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. ड्रायव्हर म्हणाला कुत्रं गाडीत चालणार नाही, सीट खराब होतात, मालक पैसे कापतो. लीडर म्हणाला गावातलं कुत्रं आहे, जाईल बरोबर घरी, त्यांना वास येतो. आम्हाला ते खरं वाटून घ्यायचंच होतं. धर्मराज कुत्र्याला टाकून रथात चढला नव्हता, आम्ही मात्र चढलो. तो गाडीमागे वळणापर्यंत पळाला, मी मागच्या खिडकीत होते.

तीन आठवड्यांनी मी आणि एक मैत्रीण बाइकवर मुद्दाम गुंजवण्यात गेलो. शेवटच्या घरासमोर एक आजी नाचणी पाखडत बसल्या होत्या. मी फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "ह्यो तर आमचा काळ्या. तुमच्याच संगं गेलता न्हवं? कुटं सोडलासा त्याला?" त्याचं नाव काळ्या होतं आणि तो त्यांच्या सहा शेळ्या राखायचा. मग आम्ही वेल्ह्यात गेलो, चहावाल्याने सांगितलं की दोन दिवस होता इथे, इथली कुत्री बसू देत नव्हती, मग दिसला नाही. पुढच्या महिन्यात अजून एकदा जाऊन आलो. नाही मिळाला.

लोक म्हणतात कुत्र्याला वाट कळते, आणि यात तथ्य आहेच, कितीतरी कुत्री तीस-चाळीस किलोमीटरवरून घरी आल्याच्या गोष्टी गावोगावी ऐकायला मिळतात. पण न आलेल्यांची गोष्ट सांगायला कोण असतं? परत जाणारं कुत्रं आधीच दिवसभर चाललेलं असतं, काळ्या कातळावरून त्याच्या पंजांची गादी सोलवटलेली असते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते शरीर थंड करतं, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात पाण्याशिवाय त्याची अवस्था आपल्यापेक्षा लवकर बिघडते. वाटेत दर दोन-तीन किलोमीटरला दुसऱ्या कुत्र्यांची हद्द. आणि रात्री बिबट्या.

बिबट्याचं मी घाबरवायला सांगत नाहीये. शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बिबट्याच्या आहारातला सगळ्यात मोठा हिस्सा पाळीव कुत्र्यांचा निघाला, साधारण ३९ टक्के. शेळ्यांपेक्षा जास्त. म्हणजे डोंगरात एकटं सापडलेलं कुत्रं हे बिबट्याचं नेहमीचं जेवण आहे. आपल्याकडे कॅम्पिंगला लोक मुद्दाम तंबूबाहेर कुत्र्याला चिकनची हाडं टाकून बसवून ठेवतात, राखण होते म्हणून. राखण कसली, बिबट्याला आमंत्रण आहे ते, आणि आत झोपलेल्या पोरांचा तरी विचार करा.

मग मला विचारतात, तू काय म्हणतेस, भुकेल्या मुक्या जनावराला खायला घालायचं नाही? नामदेव महाराज तर भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. हो, धावले, पण त्या गोष्टीत धावणारे महाराज होते, कुत्रं आपल्याच गावात राहिलं. आपण उलटं करतो, पायथ्यालाच पुडा फोडून त्याला आपल्या मागे धावायला लावतो. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की ट्रेक सुरू होताना खायला घालू नका. पायथ्याचं एक बिस्किट म्हणजे दिवसभराचं बोलावणं असतं. फारच कळवळा आला तर परत येऊन, गाडीत बसायच्या आधी, त्याच्याच गावात, त्याच्याच दारात घाला, आणि शक्यतो त्या घरच्या माणसाच्या हातात भाकरी द्या. दुसरं, आपल्या पिशवीत जे असतं त्यातलं निम्मं कुत्र्यासाठी विष आहे हे कितीजणांना माहितीय? चॉकलेट आणि कांदा तर आहेच, पण सुक्या मेव्याच्या पुडीतले मनुकेसुद्धा, द्राक्षं आणि मनुक्यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. मी स्वतः अनेक वर्षं माझ्या डब्यातले काजू-मनुके वाटत आलेय.

अजून एक भाग आहे ज्याबद्दल कुणीच बोलत नाही. गडांवरची कुत्री आता शनिवार-रविवारवर जगतात. जून ते सप्टेंबर लोहगडला, सिंहगडला मुंगीला जागा नसते, भजीच्या प्लेटा, मक्याची कणसं, अर्धे टाकलेले वडापाव, आणि त्या उष्ट्यावर पिल्लांच्या पिल्लावळी वाढतात. मग होळी उलटली की माणसं येईनाशी होतात. मी मे महिन्यात मंगळवारी एका गडावर गेले होते, सात कुत्री होती, सातही जणांच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि ती सगळी एकदम अंगावर धावून आली, चावायला नाही, पिशवी हुंगायला. भुकेली कुत्री मग पिशवी ओढतात, पोराच्या हातातलं हिसकतात, पोर घाबरून पळतं आणि चावा बसतो. किंवा ती जंगलात घुसतात. भेकराचं पाडस, जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटवीची आणि तित्तिराची अंडी, आपल्या वेताळ टेकडीवरचे मोर, कुणीच त्यातून सुटत नाही. तिकडे पूर्वेला माळरानावर लांडगे उरलेत ते आधीच थोडे, त्यांना कुत्र्यांकडून रोग लागतात आणि पुणे जिल्ह्यातच लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. तेव्हा मी कुत्र्यांच्या बाजूची की जंगलाच्या, असं मला विचारू नका, उष्टं टाकणारा माणूस दोघांचंही वाटोळं करतोय.

चाव्याचा विषय आलाच तर नीट सांगते. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही असंच धरून चालायचं, आणि वेळेवर लस घेतली तर तो होत नाही, इतकं सरळ आहे. चावलं, ओरबाडलं, जखमेवर लाळ लागली तर तिथल्या तिथे साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. दंडाच्या स्नायूत घ्यायच्या लसीचा कोर्स शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवसांचा असतो, कातडी फाटून रक्त आलं असेल किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर वेगळं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन लागतं. शहरात डॉक्टर विचारतात की कुत्रं ओळखीचं आहे का, दहा दिवस लक्ष ठेवता येईल का. डोंगरातल्या कुत्र्यावर तुम्ही दहा दिवस लक्ष कसं ठेवणार, तुम्हाला त्याचं गावही माहीत नसतं. त्यामुळे कोर्स अर्धवट सोडायचा प्रश्नच येत नाही. आणि कुत्र्यांना घाबरणारी माणसं असतात, त्यांना 'काही करत नाही हो तो' म्हणून हसू नये.

खरोखर हरवलेलं कुत्रंही असतं, आणि ते ओळखता येतं. गावचं कुत्रं निवांत असतं, शेपटी वर, टाक्यापाशी कुठून उतरायचं ते त्याला ठाऊक असतं. हरवलेलं कुत्रं प्रत्येक गाडीकडे धावतं, प्रत्येक माणसाचा चेहरा बघतं आणि परत मागे फिरतं. गळ्यात पट्टा किंवा पट्ट्याचा वळ, वाढलेली नखं, कानात गोचिड्यांचे घोस, साध्या चढावर धाप. मागच्या उन्हाळ्यात एका टेकडीवर आम्हाला हस्की सापडला, पुण्याच्या एप्रिलमध्ये, एवढ्या केसांचा. तो हरवला नव्हता, आणून सोडला होता, पाण्याचं स्टीलचं भांडं शेजारी ठेवून. भांडं ठेवणाऱ्याला काय वाटलं असेल मला खरंच माहीत नाही. लॉकडाउननंतर हे मी जास्त बघतेय, घाटात, धरणाच्या कडेला लॅब्राडोर, पग. म्हातारं झालं, आजारी पडलं, घर बदललं, की टेकडी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हाच आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपये! १९६० साली त्याला काही अर्थ असेल, आज तीस हजाराचं पिल्लू घेणाऱ्याला त्याचं काय. हा आकडा बदलायला हवा.

असं कुत्रं सापडलं तर फोटो काढून निघून जाऊ नका. पाणी द्या, ओढणीची किंवा दोरीची गाठ मारून खाली आणा, पायथ्याच्या दोन हॉटेलांत विचारा, मग डॉक्टरकडे नेऊन अंगात मालकाची ओळख पटवणारी चिप आहे का तपासून घ्या. त्या हस्कीसाठी आमचा अख्खा रविवार गेला आणि ट्रेक झाला नाही, हे मान्य करूनच घराबाहेर पडायचं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टाने आधी सगळी उचलून शेल्टरमध्ये न्या म्हटलं, मग अकरा दिवसांत ते बदलून नसबंदी आणि लस करून जिथून उचलली तिथेच सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका, असं सांगितलं. घराघरात भांडणं झाली. पण सगळी चर्चा सोसायट्यांची. गडांच्या पायथ्याच्या गावांचं नाव कुणी घेतलं नाही. काहीजण आता म्हणतात गडावरची कुत्री पकडून लांब नेऊन सोडा. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबद्दलच्या २०२३ च्या केंद्र सरकारच्या नियमांत तसं करता येत नाही, आणि उष्टं तिथेच राहिलं तर रिकाम्या जागी दुसरी येणारच. सिंहगडावर वन विभाग गाड्यांकडून उपद्रव शुल्क घेतो. आपल्या उपद्रवाचेच पैसे आहेत ना ते, तर त्यातला एक वाटा गडाभोवतीच्या घेरा सिंहगड गावाच्या वाड्यांमधल्या कुत्र्यांच्या लसीकरणाला आणि नसबंदीला जावा, आणि हेच राजगडाला, लोहगडाला करता येईल. गावकऱ्यांना हे नकोय असं मला एकाही गावात आढळलं नाही, त्यांना डॉक्टर परवडत नाही आणि मिळतही नाही.

आणि ट्रेकचे पैसे घेणाऱ्या ग्रुपनी तर यात हात वर करूच नयेत. आठशे-हजार रुपये घेता, त्यात नाश्ता, प्रवास, सर्टिफिकेट सगळं देता, तर एका ओळीचा नियम करा. पायथ्याला कुणी खायला घालणार नाही. कुत्रं मागे आलंच तर पहिल्या खिंडीच्या आत लीडर त्याला मागे फिरवेल, दगड न मारता, न बोलता, त्याच्याकडे न बघता उभं राहून, कंटाळून ते बहुतेकदा जातं, दहा मिनिटं लागतात. नाही गेलं तर दोघांनी त्याला गावात सोडून यायचं. उचलून कुठल्याही टप्प्यापलीकडे न्यायचं नाही. एवढं करूनही ते दुसऱ्या टोकाला पोचलं, तर ते त्याच गाडीतून परत जाईल आणि ड्रायव्हरला हे आधी सांगितलेलं असेल, सीटवर टाकायला एक ताडपत्री असेल. वेल्ह्याहून गुंजवण्याला वळसा पडतो, पुण्यात पोचायला तास-दीड तास उशीर होतो. होऊ दे.

यंदा दिवाळीनंतर मी परत गुंजवण्यात गेले होते. आजींनी ओळखलं, चहा दिला. अंगणात एक तांबडं पिल्लू होतं, सहा-सात महिन्यांचं, खुंटाला सुतळीने बांधलेलं, आम्हाला बघून नुसतं उड्या मारत होतं. मी म्हटलं, आजी, तुमच्याकडे कुत्री बांधत नाहीत ना. त्या म्हणाल्या, "आठवडाभर मोकळंच असतंय. शनवार-रविवार तेवढं बांधते."